न्हाणीवरील झरोका : ऊन अडवावें, उजेड अडवूं नये

घर बांधतांना भिंतींत खिडकी कोठें ठेवावी याचा विचार आपण पुष्कळ करतों. छपरांतील झरोक्याचा विचार मात्र उन्हाळा सुरू झाल्यावरच सुचतो. भिंतींतील खिडकींतून येणारें ऊन घटका दोन घटका राहतें आणि सरकतें. छपरांतील झरोक्यावर सूर्य सकाळीं नऊपासून दुपारीं चारपर्यंत ठाण मांडून बसतो. त्यास अडविण्यास ना वळचण, ना पडवी. स्थिर घरांत हा उपद्रव सोसवतो, कारण तेथें उठून दुसऱ्या खोलींत जातां येतें. फिरत्या घरांत दुसरी खोली नसते, आणि तोच उपद्रव कधीं कधीं प्रकृतीवर बेततो.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. आईवडील तिकडे गेले म्हणजे त्यांस बरोबर घेऊन चार-आठ दिवसांचा प्रवास फिरत्या घरांतून करावयाचा, ही चाल आपल्या कुटुंबांतूनहि आतां रुळूं लागली आहे. स्वयंपाकाची जागा, निजावयाची जागा आणि न्हाणी हीं सर्व बरोबरच असतात. सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या वृद्धांस ही सोय मोठी वाटते. परंतु त्या न्हाणीवर जो झरोका असतो तो उन्हाळ्यांत किती तापतो आणि तो ताप कसा निवारावा, हें गाडी भाड्यानें देणारा सहसा सांगत नाहीं. ती माहिती येथें देण्याचा विचार आहे. ज्यांस परदेशीं जावयाचें नाहीं त्यांनींहि ती वाचावी. कारण ज्यांच्या स्वयंपाकघरावर कांचेचें कौल आहे, त्यांचा प्रश्न हाच आहे.

फिरतें घर आणि त्याचा झरोका

अमेरिकेंत या घरास 'रिक्रिएशनल व्हेइकल' किंवा आद्याक्षरांवरून 'आरव्ही' म्हणतात. कांहीं घरें मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेलीं असतात, तर कांहीं मोटारीमागें जोडून ओढावयाचीं असतात. कल्पना नवी नव्हे. १९१० सालीं पीअर्स-अ‍ॅरो कंपनीनें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनांत निजण्याची सोय असलेली 'टूरिंग लँडॉ' नांवाची गाडी मांडली होती. पुढें १९३६ सालीं एअरस्ट्रीम कंपनीची अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची 'क्लिपर' निघाली. आज इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट हें गांव या धंद्याचें मुख्य ठाणें समजलें जातें. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटांत क्वार्टझाइट नांवाचें एक लहानसें गांव आहे; त्याच्या आसपासच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मुदतींत हजारों फिरतीं घरें येऊन तळ देतात. मुदत एप्रिलांत कां संपते, हें तेथील उन्हाळा ज्यानें पाहिला त्यास सांगावें लागत नाहीं. त्याच संस्थानांतील फीनिक्स शहरीं २०२३ सालीं ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा रोज ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारें ४३ अंश सेंटिग्रेडला, पोंचला किंवा त्याच्याहि वर गेला.

आतां झरोका कां ठेवतात तें पाहूं. रस्त्यावरून जावयाच्या वाहनास मापाचें बंधन असतें. तेथें रुंदी साडेआठ फुटांहून अधिक चालत नाहीं, आणि बहुतेक संस्थानांत उंची साडेतेरा फुटांच्या आंत ठेवावी लागते. त्यांत चाकें आणि पाण्याच्या टाक्या खालीं, वातानुकूलनाचें यंत्र वर. यामुळें आंतील छत ठेंगणें होतें. न्हाणीची जमीन तर सांडपाण्याच्या नळासाठीं आणखी वर उचललेली असते. उंच मनुष्य तेथें उभा राहिला तर त्याचें डोकें छतास लागावयाचें. म्हणून कारागीर न्हाणीच्या बरोबर वर छपरास भोंक पाडून त्यावर पारदर्शक प्लास्टिकची घुमटी बसवितो. डोक्यास चार-सहा इंच जागा मिळते, आणि दिवसा दिवा न लावतां उजेडहि मिळतो. घुमटी बहुधा दुपदरी असते. बाहेरची एक, आंतली एक, आणि दोहोंमध्यें हवेचा थर.

संस्कृतांत खिडकीला दोन सुंदर नांवें आहेत. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. न्हाणीवरील ही घुमटी बहुतेक गाड्यांत पक्की बसविलेली असते, उघडत नाहीं. अर्थात् ती गवाक्ष आहे, वातायन नाहीं. तिच्या सर्व उपद्रवाचें मूळ येथेंच आहे.

ऊन आंत येतें, बाहेर कां जात नाहीं?

उन्हांत जें डोळ्यांस दिसतें तेवढेंच ऊन नव्हे. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें १८०० सालीं लोलकांतून पडलेल्या रंगीत पट्ट्यांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें पारा अधिक चढलेला आढळला. या अदृश्य किरणांस आपण आतां अवरक्त किरण म्हणतों. जमिनीवर पोंचणाऱ्या सूर्याच्या शक्तीपैकीं स्थूलमानानें निम्मी या अदृश्य रूपानें येते.

जिनीव्हाचा शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यानें त्याच्याहि आधीं, १७६७ सालीं, कांचेनें झांकलेल्या पेट्या उन्हांत ठेवून प्रयोग आरंभिले होते. त्याच्या एका पेटींत, ना कोळसा ना ज्वाला, नुसत्या उन्हानें पारा पाणी उकळण्याच्या बिंदूवर चढला. फिरत्या घराची बंद न्हाणी ही सोस्यूरची पेटीच होय. फरक एवढाच कीं, या पेटींत मनुष्य उभा राहतो.

यांतील कारण दुहेरी आहे. ऊन कांचेंतून किंवा स्वच्छ प्लास्टिकमधून सहज आंत शिरतें. आंतील जमीन, भिंती, अंग यांवर पडलें म्हणजे त्याची उष्णता होते. तापलेल्या वस्तूहि किरण टाकतात, पण ते लांब लहरींचे असतात आणि त्यांस कांच किंवा अ‍ॅक्रिलिक वाट देत नाहीं. दुसरें असें कीं, तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. पण वर घुमटी बंद. ती तेथेंच सांचते. येण्यास वाट आहे, जाण्यास नाहीं, अशी ही स्थिति.

हिशेब करून पाहूं

घाबरण्यापूर्वीं किंवा पैसे खर्चण्यापूर्वीं हिशेब करणें बरें. न्हाणीवरील झरोका साधारणपणें १४ इंच रुंद व २२ इंच लांब धरूं. म्हणजे क्षेत्रफळ एक पंचमांश चौरस मीटर झालें. निरभ्र दुपारीं सपाट छपराच्या एका चौरस मीटरवर सुमारें १,००० वॅट ऊन पडतें. तेव्हां झरोक्यावर २०० वॅट पडलें. स्वच्छ अ‍ॅक्रिलिकचा एक पदर शेंकडा ९२ उजेड सोडतो. दोन पदरांतून शेंकडा ८५ च्या सुमारास आंत येतो. म्हणजे भर दुपारीं न्हाणींत अदमासें १७० वॅट उष्णता सारखी उतरत असते.

ही रक्कम मोठी कीं लहान? गाडीच्या छपरावरील वातानुकूलनाचें यंत्र साधारण १३,५०० ब्रिटिश उष्णता-एककांचें असतें. तें तासाभरांत जी उष्णता बाहेर टाकतें ती सुमारें ४,००० वॅटच्या हिशेबाची होते. तिच्यापुढें १७० वॅट म्हणजे तेविसावा हिस्सा. यावरून एक गोष्ट ठरली: झरोका झांकल्यानें सबंध गाडी थंड होईल, अशी आशा कोणीं धरूं नये. भिंती, पुढची मोठी कांच आणि छप्पर यांतून येणारी उष्णता कितीतरी अधिक असते.

परंतु न्हाणी म्हणजे सबंध गाडी नव्हे. ती देवघराएवढी खोली. दार लावलें कीं यंत्राची थंड हवा तेथें फारशी पोंचत नाहीं. स्वस्थ बसलेल्या माणसाचें शरीर सुमारें ८० ते १०० वॅट उष्णता टाकतें. म्हणजे त्या कोंदट कोनाड्यांत स्नान करणाराबरोबर आणखी दोन माणसें अखंड उभीं आहेत, असेंच समजावें. त्यांत कढत पाण्याची वाफ. शिवाय ऊन थेट डोक्यावर. तरुणास याचें कांहीं वाटत नाहीं. वृद्धाची गोष्ट वेगळी आहे. उष्णतेनें कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात व रक्तदाब उतरतो; रक्तदाबाचीं औषधें घेणारास अशा वेळीं उभ्याउभ्या चक्कर येण्याचा संभव असतो. ओली जमीन, अरुंद जागा आणि आंतून लावलेली कडी, अशा ठिकाणीं चक्कर येणें ही हंसण्यावारी नेण्याची बाब नव्हे.

आतां या हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. ती सहसा कोणी पाहत नाहीं. १७० वॅट उन्हाबरोबर उजेड किती येतो? उजेड ल्यूमेन या मापानें मोजतात. उन्हाच्या एका वॅटमागें सुमारें १०० ल्यूमेन उजेड असतो. म्हणजे झरोक्यांतून १७,००० ल्यूमेन आंत येतात. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या दिव्याचा उजेड सुमारें ८०० ल्यूमेन. तेव्हां त्या चिमुकल्या न्हाणींत आपण असले एकवीस दिवे एकदम पेटविले आहेत! स्नानास एवढा उजेड कोणास हवा आहे? यांतील दहा वांट्यांपैकीं नऊ वांटे परतवून लावले, तरी मागें दोन दिव्यांचा उजेड उरतो आणि उष्णता १७० वॅटवरून सतरावर येते. ऊन अडवावयाचें म्हणजे अंधार करावयाचा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. झरोका पुरता बुजविण्याचें कारण नाहीं. नऊ वांटे ऊन दारावरूनच परत पाठवावें आणि एक वांटा उजेड घरांत घ्यावा. इतकेंच आपलें काम.

बाहेरून कीं आंतून?

छत्रीस संस्कृतांत 'आतपत्र' म्हणतात. आतप म्हणजे ऊन, आणि त्यापासून त्राण करणारें तें आतपत्र. छत्री आपण डोक्याच्या वर, अंगापासून दूर धरतों. सदऱ्याच्या आंत घालीत नाहीं. झरोक्याचा मुख्य नियम याच शब्दांत आला आहे. ऊन घुमटींत शिरण्यापूर्वींच अडविलें, तर त्याची उष्णता बाहेरच्या बाहेर वाऱ्याबरोबर जाते. आंत शिरल्यावर अडविलें, तर अडविणारी वस्तु तापते आणि तिची उष्णता घरांतच राहते. अमेरिकेच्या ऊर्जा-खात्यानें खिडक्यांवरील बाहेरच्या छज्ज्यांविषयीं जे आंकडे प्रसिद्ध केले आहेत, त्यांवरून उन्हाळ्यांत दक्षिणेच्या खिडकींतून येणारी सूर्याची उष्णता शेंकडा ६५ पर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकींतून येणारी शेंकडा ७७ पर्यंत कमी करतां येते.

झरोक्यासाठीं बाहेरचें उत्तम साधन म्हणजे रोपवाटिकेंत वापरतात तसली सावलीची जाळी. ती शेंकडा ३० पासून शेंकडा ९० पर्यंत ऊन अडविणारी, निरनिराळ्या विणींची मिळते. आपल्या हिशेबास शेंकडा ९० ची जाळी नेमकी बसते. पांढरी किंवा रुपेरी मिळाल्यास ती घ्यावी. जाळी घुमटीस चिकटून न बसवितां दोन-तीन बोटें वर ताणावी, म्हणजे मधून वारा खेळतो. मापानें शिवलेली जाड कापडी टोपीहि मिळते. पण तिनें अंधार होतो, हें लक्षांत ठेवावें.

येथवर शास्त्र झालें; आतां व्यवहार. बाहेरचें साधन बसविण्यासाठीं कोणास तरी छपरावर चढावें लागतें. जमिनीपासून दहा-बारा फूट उंच, कडेला कठडा नाहीं, पुष्कळ गाड्यांस रबरी पत्र्याचें आच्छादन, तेंहि दंवानें निसरडें. आणि प्रत्येक छप्पर माणसाचें वजन पेलण्यासाठीं बांधलेलें नसतें. भाड्याच्या गाडीवर तर चढण्याची परवानगीहि बहुधा नसते. उन्हानें येणारी चक्कर टाळण्यासाठीं शिडीवरून पडणें हा कोठला शहाणपणा? शिवाय गाडी ताशीं साठ मैलांच्या वेगानें धांवूं लागली म्हणजे सैल बांधलेली जाळी फाटते किंवा उडून मागून येणाऱ्या गाडीच्या कांचेवर जाऊन बसते. म्हणून असा निर्णय ठेवावा: गाडी स्वतःची असेल, एके ठिकाणीं महिना दोन महिने मुक्काम असेल आणि घरांत शिडीवर चढणारा सराईत तरुण असेल, तरच बाहेरचें साधन, आणि निघण्यापूर्वीं तें उतरवावयाचें. इतर सर्वांनीं आंतलाच उपाय करावा.

आंतला उपाय

आंतून अडविलेलें ऊन घरांतच राहतें असें वर म्हटलें. पण त्यास एक मोठा अपवाद आहे. अडविणारी वस्तु काळी असेल तर ती ऊन गिळते व तापते. तीच वस्तु आरशासारखी चकचकीत किंवा शुभ्र असेल, तर ती ऊन गिळीत नाहीं, परतविते. आणि परतविलेला प्रकाश हा प्रकाशच असल्यामुळें तो ज्या प्लास्टिकमधून आंत आला त्याच प्लास्टिकमधून बाहेर निघून जातो. रंगाचा हा भेद लहान दिसतो, पण सर्व यश त्यावर अवलंबून आहे.

याचा अनुभव आम्हांस गेल्या मे महिन्यांत आला. चिरंजीव, सूनबाई, नातवंडें आणि आम्ही उभयतां असे अ‍ॅरिझोनांत फिरत होतों. सकाळची घाई आटोपून आमची सौभाग्यवती दुपारीं बाराच्या सुमारास स्नानास गेली, ती बाहेर आली ती भिंतीस धरूनच. चेहरा लाल झालेला, डोळ्यांपुढें अंधारी. पाणी पाजून, पाय उंच ठेवून निजविलें तेव्हां अर्ध्या तासानें तिला बरें वाटलें. सूनबाईंनीं तत्काळ एक निळा जाड पंचा झरोक्याखालीं ताणून बांधला. न्हाणींत अंधार झाला; पण तासाभरानें हात लावून पाहतों तों पंचा कढत, आणि खालीं हात धरला तर शेकोटीसारखी आंच. दुसरे दिवशीं वाटेंतील लोखंडी सामानाच्या दुकानांतून दोहों बाजूंस अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख व मध्यें हवेचे बुडबुडे असलेली चादर त्यांनीं आणली व झरोक्याच्या मापानें कापून बसविली. त्या दुपारीं तिच्याखालीं हात धरला तेव्हां आंच लागली नाहीं. ऊन तेंच, झरोका तोच. मध्यें आडवें धरलेलें कापड मात्र बदललें.

ही चादर घरीं बसविण्याची रीत सोपी आहे. प्रथम जुन्या वर्तमानपत्राचा कागद झरोक्याच्या चौकटीस लावून बोटानें कडा उमटवून घ्यावी. तो नमुना चादरीवर ठेवून चारी बाजूंस पाव इंच अधिक सोडून कापावें, म्हणजे चादर आपल्या तणाव्यानेंच चौकटींत अडकून राहते. खिळा, डिंक कांहीं लागत नाहीं. कोपरे गोल असतील तर आधीं मोठेंच कापून मग थोडथोडें छाटावें. चादर सारखी खालीं येत असेल तर चौकटीच्या बाहेर दोन ठिकाणीं व्हेल्क्रोच्या पट्ट्या चिकटवाव्या. एका बाजूनें चकचकीत आणि दुसरीकडून साध्या अशा तयार गाद्याहि मिळतात. पण त्या बहुतेक १४ इंच चौरस वायुद्वाराच्या मापाच्या असतात, न्हाणीच्या लांबट झरोक्यास त्या पुरत नाहींत. गादी घेतल्यास तिची चकचकीत बाजू वरच असली पाहिजे.

उजेडासाठीं काय करावें? चादर बावीस इंचांऐवजीं वीस इंच लांब ठेवावी. एका कडेस दोन इंचांची जी पट्टी उघडी राहील ती झरोक्याच्या अकराव्या हिश्श्याएवढी होते. म्हणजे आपण ठरविलेला 'एक वांटा' आपोआप मिळाला. तीवर साधा पांढरा पातळ कागद लावला तर उजेड डोळ्यांत न खुपतां सर्वत्र सारखा पसरतो.

दोन गोष्टी मात्र जपाव्या. एक, चादर घुमटीस आंतून चिकटवूं नये. ती छताच्या पातळीवर ठेवावी आणि वरती घुमटीची पोकळी मोकळी असूं द्यावी. वर्खाचें काम त्याच्यासमोर हवा असेल तेव्हांच नीट होतें. दुसऱ्या वस्तूस चिकटला कीं तो उष्णता तिला देतो किंवा तिच्याकडून घेतो. दुसरी, गडद रंगाची जाड गादी झरोक्यांत कधींहि ठांसूं नये. तसें केल्यास घुमटी आणि गादी यांमधील पोकळी ही पुन्हा सोस्यूरची पेटी होते, आणि अ‍ॅक्रिलिक तर १०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास मऊ पडूं लागतें. त्याच्या पुष्कळ आधींच तें ताणून धरलेल्या स्क्रूंच्या जागीं तडकूं शकतें. झरोका फुटला म्हणजे ऊन बरें म्हणण्याची पाळी येते, कारण मग पाऊस आंत येतो.

काय करूं नये

मोटारीच्या कांचेस लावतात तसला काळसर कागद घुमटीस चिकटविण्याचा मोह होतो. तो आवरावा. पॉलिकार्बोनेट जातीच्या प्लास्टिकमधून सूक्ष्म वायु व ओल सुटत असते. त्यामुळें चिकटविलेल्या कागदाखालीं फोड येतात. शिवाय काळा रंग ऊन गिळतो तो गिळतोच, आणि घुमटी अधिक तापते. मूळचीच धुरकट रंगाची घुमटी असते तिलाहि हें लागू आहे: ती उजेड कमी करते, पण स्वतः तापून खालीं आंच टाकते. नवी घुमटी बसविण्याचा प्रसंग आलाच, तर धुरकटपेक्षां दुधी पांढरी बरी.

घुमटीवर मिळेल तो रंग फांसूं नये. रंगांतील द्रावक प्लास्टिकला बारीक चिरा पाडतात. कांच पुसण्याचें अमोनियाचें पाणी, स्पिरिट किंवा पेट्रोल यांनीं ती पुसूं नये. साबणाचें सौम्य पाणी व मऊ फडकें पुरेसें आहे. उन्हांतील अतिनील किरणांनीं प्लास्टिक कालांतरानें पिंवळें व ठिसूळ होतेंच. बाहेरची जाळी लावणाराच्या घुमटीचें आयुष्य वाढतें, हा तिचा जादा लाभ.

वेळ, वारा आणि सावली

साधनापेक्षां शिस्त स्वस्त. वृद्धांचें स्नान सूर्य वर येण्यापूर्वीं उरकावें, हा आपला जुना परिपाठ येथें अक्षरशः उपयोगी पडतो. फीनिक्सला जून महिन्याच्या दुपारीं सूर्य क्षितिजापासून ८० अंश वर असतो, म्हणजे जवळजवळ माथ्यावर. सकाळीं आठ वाजतां तो इतका तिरपा असतो कीं झरोक्यावर निम्म्याहून कमी ऊन पडतें. गाडीचें तोंड इकडे वळविलें काय किंवा तिकडे काय, छपरांतील झरोक्यास त्यानें फारसा फरक पडत नाहीं. फरक पडतो तो झाडाच्या सावलीनें. तेव्हां मुक्कामाची जागा निवडतांना दुपारीं छपरावर सावली येईल अशीच पाहावी.

न्हाणींत बहुधा दुसरें एक लहान उघडणारें वायुद्वार व पंखा असतो. स्नानापूर्वीं दहा मिनिटें दार उघडें ठेवून तो पंखा बाहेर हवा फेंकील असा चालू करावा, म्हणजे घुमटींत सांचलेली कढत हवा निघून जाते. स्नान चालू असतां कडी लावूं नये, दार नुसतें लोटून घ्यावें, हा नियम वृद्धांसाठीं घरांत सर्वांनीं मिळून ठरवावा.

थंडींत हीच चादर उलट कामास येते. रात्रीं घुमटी गार पडते, आंतील दमट हवा तिला लागून पाण्याचे थेंब जमतात व ते टपटप डोक्यावर पडतात. चादर लावली म्हणजे ऊब आंत राहते. मात्र सकाळीं ती काढून घुमटी पुसावी व वाळूं द्यावी, नाहींतर बुरशी धरते. थंडीच्या दिवसांत दुपारीं चादर मुद्दाम काढून ठेवावी. त्या वेळीं येणारें ऊन सुखाचेंच असतें.

आपल्याकडील कांचेचें कौल

मंगळूरला बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौलें पुढें कोंकणांत व देशावर सर्वत्र पसरलीं, आणि त्यांच्याच घाटाचें कांचेचें कौल स्वयंपाकघराच्या व माजघराच्या छपरांत एखाददुसरें बसूं लागलें. ज्या घरांत दिवसाहि अंधार असे तेथें या एका कौलानें गृहिणीचे डोळे वांचविले. परंतु पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस अगदीं माथ्यावर येतो. यांपैकीं मेचें ऊन निरभ्र असतें. त्या महिन्यांत चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रीच्या पाठीवर कौलांतून काय उतरत असेल, याचा हिशेब वर केलाच आहे.

अशा कौलाखालीं काळें झालेलें गोणपाट लटकाविलेलें आढळतें. तें काढावें. त्याऐवजीं वाशांस वर्खाची चादर किंवा निदान शुभ्र धुतलेलें कापड, कौलापासून चार बोटें खालीं, एक पट्टी उघडी ठेवून ताणावें. चूल जवळ असेल तेथें कापड व चादर दोन्ही वर्ज्य. तेथें पत्र्याच्या तुकड्यास पांढरा रंग देऊन तो तारेनें टांगावा. कौलें शाकारतांना जाणता गडी छपरावर असेलच, तेव्हां त्याच्याकडून कांचेवर वरूनच पांढऱ्या जाळीचा तुकडा बसवून घेतला तर सर्वांत उत्तम.

वर सांगितलेल्या कोणत्याहि उपायास मोठा खर्च नाहीं. एक चादर, एक कात्री आणि अर्धा तास एवढ्यांत काम होतें. लागतो तो विचार. आणि तो घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्ति डोळ्यांपुढें ठेवून केला पाहिजे, कारण तरुण मंडळीस जें ऊन नुसतें त्रासाचें वाटतें तें वृद्धांस अंथरुणावर निजवूं शकतें. छपरांतील झरोका हा घराचा वैरी नव्हे. त्याच्याकडून किती घ्यावयाचें, हें मात्र आपण ठरवावें. ज्यांचे वडीलधारे यंदा मुलांकडे जाणार असतील, त्यांनीं हा अंक वाचून झाल्यावर मुलांस दोन ओळींचें पत्र लिहावें: प्रवासास निघण्यापूर्वीं न्हाणीच्या झरोक्याचें माप घेऊन ठेवा.